पवनचक्क्यांच्या बातमीत मेगावॅटबरोबर युनिटही छापा

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

जमिनीवरच्या एखाद्या पवनऊर्जा प्रकल्पाची बातमी आली की तीत तीन आकडे हमखास असतात: किती मेगावॅट, किती गुंतवणूक आणि किती घरांना वीज. प्रकल्प वर्षाला किती युनिट देईल आणि तो अंदाज कशाच्या आधारावर बांधला, हे मात्र फार क्वचित छापले जाते. त्यामुळे वाचकांच्या पत्रव्यवहारात एकीकडे ‘पवनचक्क्यांनी विजेचा प्रश्न सुटला’ आणि दुसरीकडे ‘त्या तर नुसत्या उभ्याच दिसतात’ अशी टोकाची मते उमटतात. दोन्ही बाजूंना तपासण्यासारखी माहितीच हातात नसते. या विषयावर चर्चा व्हावी, ती कडकही व्हावी, पण योग्य आकड्यांवर व्हावी, यासाठी हे पत्र.

मेगावॅट म्हणजे विहिरीवरच्या पंपाची अश्वशक्ती. पाणी किती मिळणार ते विहिरीच्या झऱ्यावर ठरते. ३ मेगावॅटची पवनचक्की साधारण ३ मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला वीज देऊ लागते, ११-१२ मीटरला पूर्ण क्षमतेवर पोचते आणि २५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वाऱ्याला, स्वतःच्या सुरक्षिततेसाठी थांबते. वर्षाचे ८७६० तास ती पूर्ण क्षमतेने चालली असती तर सुमारे २ कोटी ६३ लाख युनिट मिळाली असती. प्रत्यक्षात चांगल्या जागी याच्या ३५ टक्के, म्हणजे ९२ लाख युनिट मिळतात. साधारण जागी २५ टक्के धरले तर ६६ लाख. यंत्र तेच, मेगावॅट तेच, बातमीही तीच, पण वर्षाला प्रत्येक पवनचक्कीमागे २६ लाख युनिटांचा फरक. अशा ५० पवनचक्क्या असतील तर तो १३ कोटी युनिटांवर जातो.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. ३५ टक्के या आकड्याला ‘क्षमता वापर गुणांक’ म्हणतात आणि पुष्कळदा तो यंत्राची कार्यक्षमता म्हणून सांगितला जातो. ते चूक आहे. मोठ्या पात्यांना लहान जनित्र जोडले की हा गुणांक आपोआप वाढतो, लहान पात्यांना मोठे जनित्र जोडले की घटतो. म्हणून दोन प्रकल्पांची तुलना करताना पात्यांचा व्यास आणि जनित्राची क्षमता दोन्ही पाहावे लागतात. नुसता गुणांक सांगून कोणी फुशारकी मारत असेल तर आधी व्यास विचारावा.

व्यासाला एवढे महत्त्व का? वाऱ्यातली शक्ती पात्यांनी व्यापलेल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १५० मीटर व्यासाचे वर्तुळ सुमारे १७,६७० चौरस मीटरचे होते. ६ मीटर प्रतिसेकंद वेगाचा वारा त्यातून जाताना सुमारे २.३ मेगावॅट शक्ती वाहून नेतो, ८ मीटर वेगाचा ५.५ मेगावॅट. वेग एकतृतीयांशाने वाढला, शक्ती दुपटीहून अधिक झाली. ही सगळी शक्ती काढून घेता येत नाही. काढली तर वारा पात्यांमागे जागीच थांबेल आणि मागून येणाऱ्याला वाट उरणार नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये ही मर्यादा ५९.३ टक्के असल्याचे दाखवले. आजची चांगली यंत्रे ४५ टक्क्यांच्या आसपास काढतात. पात्यांच्या आकारात सुधारणेला आता फारशी जागा नाही. पुढचा फायदा उंची, व्यास, जागेची निवड आणि देखभाल यांतूनच यायचा आहे.

वेगाच्या घनामुळे ‘सरासरी वेग’ हा आकडाही फसवा ठरतो. एका जागी वारा सतत ७ मीटर वेगाने वाहतो. दुसऱ्या जागी निम्मा वेळ ४ आणि निम्मा वेळ १० मीटरने. सरासरी दोन्हीकडे ७. पण घनांचा हिशेब केला तर पहिल्या जागी ३४३ आणि दुसऱ्या जागी ५३२ येतो. म्हणून वर्षभरात वारा कोणत्या वेगाने किती तास वाहिला, याची पूर्ण वाटणी हाती असावी लागते. हवेची घनताही सोडून चालत नाही. १५ अंश तापमानाच्या मानाने ४० अंशांची हवा सुमारे ८ टक्के विरळ असते, आणि समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीवर आणखी जवळपास १० टक्के घट होते. उंच पठारावरचा कडक उन्हाळ्यातला वारा वेगमापकावर जेवढा दिसतो तेवढा जनित्रात उतरत नाही.

सगळ्या प्रकल्पाचा पाया काँक्रीटच्या आधी या मोजणीत असतो आणि मोठ्या चुकाही इथेच होतात. जागेवर मोजणीचा मनोरा उभारून किमान सलग एक वर्ष, दर १० मिनिटांची सरासरी या पद्धतीने वेग, दिशा, तापमान आणि हवेचा दाब नोंदवायचा. वेगमापक वातबोगद्यात तपासून आणलेले हवेत. ते किमान दोन-तीन वेगवेगळ्या उंचींवर हवेत, कारण जमिनीपासून वर जाताना वेग कसा वाढतो ते त्यावरून कळते. मोकळ्या सपाट जागी ५० मीटरवरून १०० मीटरवर गेले की वेग साधारण १० टक्क्यांनी आणि वाऱ्यातली शक्ती सुमारे ३५ टक्क्यांनी वाढते. झाडी, टेकड्या, वस्ती असेल तर हे प्रमाण पूर्ण वेगळे येते. ५० मीटरवरची मोजणी घेऊन १२० मीटरवरचे उत्पादन केवळ सूत्राने काढले असेल, तर तो अंदाज कच्चा समजावा.

मोजणीत बिघडते काय? वेगमापक मनोऱ्याच्या फार जवळ बसवला की ठरावीक दिशेचा वारा मनोऱ्याच्या आडोशातून येतो आणि वेग कमी नोंदला जातो. वेगमापकाचे बेअरिंग झिजले तरी तेच. दिशादर्शकाची उत्तर दिशा चुकीची लावली तर वेग बरोबर पण दिशा भलतीच, आणि त्या दिशेवर बेतलेली पवनचक्क्यांची सगळी मांडणीच चुकते. मोजलेले वर्ष नेहमीपेक्षा जास्त वाऱ्याचे निघाले आणि जवळच्या हवामान केंद्राच्या किंवा उपग्रह-प्रारूपांच्या दीर्घकालीन नोंदींशी ते ताडून पाहिले नाही, तर पुढची वीस वर्षे ‘उत्पादन कमी का’ या प्रश्नाचे उत्तर यंत्रात शोधले जाते. ते यंत्रात नसतेच. वेगात २ टक्क्यांची चूक म्हणजे वाऱ्यातल्या शक्तीत ६ टक्क्यांची. जोराच्या वाऱ्यात उत्पादन पूर्ण क्षमतेवर अडून राहत असल्यामुळे युनिटांवरचा परिणाम त्याहून थोडा कमी असतो, पण प्रकल्पाचे कर्ज फिटणार की नाही हे ठरवायला तो पुरेसा आहे.

म्हणूनच कर्ज देणाऱ्या बँका एक आकडा घेऊन थांबत नाहीत. ‘पी ५०’ म्हणजे जे उत्पादन गाठण्याची शक्यता निम्मी आहे ते. ‘पी ९०’ म्हणजे जे गाठण्याची शक्यता ९० टक्के आहे ते. अंदाजातली अनिश्चितता १० टक्के असेल तर पी ९० हा पी ५० च्या सुमारे ८७ टक्के येतो. बँकेला जो आकडा दाखवला जातो तो वाचकालाही दाखवावा, एवढीच अपेक्षा. बातमीदाराने प्रकल्पाच्या प्रवर्तकांना ‘पी ९० किती आणि वारा किती महिने, किती उंचीवर मोजला’ एवढे दोन प्रश्न विचारले तरी बातमीची किंमत कितीतरी वाढेल.

आता मांडणी. पवनचक्कीच्या मागे मंद आणि खळबळलेल्या वाऱ्याचा लांब पट्टा तयार होतो. मागची पवनचक्की त्या पट्ट्यात आली की तिचे उत्पादन तर घटतेच, शिवाय पात्यांना आणि बेअरिंगना सतत धक्के बसतात. त्यामुळे मुख्य वाऱ्याच्या दिशेत पात्यांच्या व्यासाच्या ५ ते ९ पट आणि आडव्या दिशेत ३ ते ५ पट अंतर ठेवतात. १५० मीटर व्यासाला ७ पट म्हणजे १०५० मीटर. ‘एवढी जमीन अडवली’ असा आक्षेप येतो तो या अंतरांमुळे. पण अडते ती पायाची, क्रेनसाठीच्या सपाट फलाटाची, रस्त्याची आणि उपकेंद्राची जागा. ती एका पवनचक्कीमागे साधारण हेक्टरभर असते. उरलेल्या जमिनीवर शेती आणि चराई चालू राहते. जमीन वाचवण्यासाठी किंवा रस्ते आणि केबल आखूड करण्यासाठी पवनचक्क्या दाटीने उभ्या करण्याचा मोह मात्र महाग पडतो. पहिल्या वर्षी वाचलेला केबलचा खर्च पुढे दरवर्षी कमी युनिटांच्या आणि लवकर झिजणाऱ्या गिअरबॉक्सच्या रूपात भरावा लागतो. शेजारी दुसऱ्या कंपनीचा प्रकल्प आला तर त्याचाही आडोसा लागतो, आणि याबाबतचे नियम पुष्कळ ठिकाणी अजून ढिले आहेत.

पायाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बाहेरून तो दिसत नाही. ३-४ मेगावॅटच्या पवनचक्कीचा पसरट पाया साधारण २० मीटर व्यासाचा आणि मध्यभागी ३ मीटर खोल असतो. त्यात ४०० ते ६०० घनमीटर काँक्रीट जाते. ६ घनमीटरच्या मिक्सर गाड्यांच्या ७० ते १०० खेपा, आणि त्या सलग व्हायला हव्यात. मध्ये दोन-तीन तासांचा खंड पडला की आधीचा थर घट्ट होऊ लागतो आणि नव्याशी त्याचा सांधा कच्चा राहतो. एवढ्या जाड काँक्रीटमध्ये सिमेंट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता आतच कोंडते. गाभ्याचे तापमान ७० अंशांच्या वर जाऊ न देणे आणि गाभा व पृष्ठभाग यांतला फरक २० अंशांच्या आसपास ठेवणे गरजेचे असते, नाहीतर तडे जातात. म्हणून उष्ण हवेत काम रात्री करतात, पाण्याऐवजी काही प्रमाणात बर्फ वापरतात आणि सिमेंटचा काही भाग औष्णिक वीजकेंद्राच्या राखेने किंवा लोखंडाच्या झोतभट्टीच्या मळीने बदलतात.

या पायातून वर येणाऱ्या बोल्टांवर मनोरा उभा राहतो. मनोऱ्याचे तळाचे पोलादी कडे आणि काँक्रीट यांच्यामध्ये अतिउच्च ताकदीचे ग्राउट, म्हणजे ओतता येणारे सिमेंटचे मिश्रण, भरतात. त्यात हवेचा बुडबुडा अडकला की तिथे भार उतरत नाही, कडेचे ग्राउट चुरते आणि बोल्टांचा ताण सैल होतो. बोल्ट जोवर पुरेसा ताणलेला आहे तोवर वाऱ्याच्या प्रत्येक झोतातला बदलता भार बहुतांशी कड्यांच्या दाबातच जिरतो, बोल्टाला त्याचा लहानसा हिस्सा जाणवतो. ताण गेला की तोच बोल्ट पूर्ण हेलकावा सोसू लागतो, काही महिन्यांत त्याला सूक्ष्म तडा जातो आणि तो तुटला की भार शेजाऱ्यांवर. यासाठी पवनचक्की सुरू झाल्यावर साधारण ५०० तासांनी सगळे बोल्ट पुन्हा हायड्रॉलिक यंत्राने ताणतात आणि पुढे दरवर्षी ठरावीक टक्के बोल्ट तपासतात. नट, वॉशर आणि कडे यांवरून रंगाची एकच सरळ रेघ ओढलेली असते. ती रेघ जिथे मोडलेली दिसते तिथला नट फिरला. तपासणाऱ्याने टॉर्च घेऊन प्रत्येक रेघ बघायची असते. फॉर्मवर सगळ्या चौकटींत एका दमात खुणा करून खाली उतरण्याने पुढे मनोरे कोसळतात.

मनोऱ्याच्या माथ्यावरच्या घरात, म्हणजे नॅसेलमध्ये, सर्वांत खर्चीक दुखणे गिअरबॉक्सचे. पाती मिनिटाला १०-१२ फेऱ्या करतात, नेहमीच्या जनित्राला १५०० च्या आसपास लागतात. मधला सव्वाशे-दीडशे पटींचा फरक गिअरबॉक्स भरून काढतो. सर्वांत वेगवान दांड्याची बेअरिंग लवकर जातात. वारंवार होणारे आपत्कालीन थांबे, ग्रिडमधल्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातल्या, बिघाडाने उलटसुलट बसणारे झटके, तेलात शिरलेले पाणी आणि जनित्राशी चुकलेली सरळ रेषा ही त्याची नेहमीची कारणे. तेलाचा नमुना दर सहा महिन्यांनी तपासून त्यातले लोहकण आणि पाण्याचे प्रमाण पाहिले, आणि कंपनांच्या नोंदी नियमित वाचल्या, तर बिघाड कित्येक महिने आधी कळतो. कळल्याचा खरा फायदा क्रेनमुळे आहे. गिअरबॉक्स उतरवायला लागणारी मोठी क्रेन मिळायला आठवडे जातात, आणि वारा १० मीटरच्या वर असताना ती उचल करत नाही. म्हणजे वाऱ्याच्या हंगामात बिघडलेली पवनचक्की वाऱ्यामुळेच दुरुस्त करता येत नाही. गिअरबॉक्स नसलेली, थेट जोडणीची यंत्रेही आहेत. त्यांत हे दुखणे टळते, पण जनित्र अवजड होते आणि त्यातल्या कायमच्या चुंबकांसाठी निओडिमियमसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये लागतात.

पात्यांचे टोक, १५० मीटर व्यासाला मिनिटाला १० फेऱ्या धरल्या तर, ताशी २८० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. त्या वेगात पावसाचा थेंब आणि धुळीचा कण पात्याची पुढची कड खरवडतात. आधी रंग जातो, मग खाली काचतंतूंचे थर उघडे पडतात, हवेचा प्रवाह कडेवरच विस्कटतो आणि वर्षाच्या उत्पादनातले काही टक्के हळूहळू नाहीसे होतात. कुठलाही अलार्म वाजत नाही. दुरुस्ती सोपी आहे: कड घासून, भरून, पॉलियुरेथेनचा लेप किंवा पट्टी लावायची. पण ती कोरड्या हवेतच टिकते, त्यामुळे पावसाआधीचे काही आठवडे हातचे गेले की वर्ष जाते. विजेपासून संरक्षणासाठी पात्याच्या टोकाला धातूची बटणे आणि आतून खाली जाणारी तार असते. ही तार कुठे तुटली असेल तर वीज पात्याच्या थरांतून वाट काढते, आतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि पाते फुटते. तारेचा रोध दरवर्षी मोजणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

मनोरा वाचवणारी शेवटची यंत्रणा म्हणजे पाती वाऱ्याला समांतर वळवणे. तिन्ही पाती स्वतंत्रपणे वळतात आणि ग्रिडची वीज गेली तर हबमधल्या, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या गाभ्यातल्या, बॅटऱ्यांवर किंवा हायड्रॉलिक साठ्यावर वळतात. या बॅटऱ्या फिरत्या, तापलेल्या डब्यात असतात आणि अपेक्षेपेक्षा लवकर मरतात. त्यांची भाराखालची चाचणी टाळणे म्हणजे वादळात पवनचक्की अनियंत्रित वेगाने फिरू देण्याची तयारी ठेवणे. याउलट नॅसेलचे तोंड वाऱ्याच्या दिशेपासून १० अंशांनी चुकलेले असेल तर तातडीचा धोका काही नाही, फक्त ३ ते ४ टक्के वीज वर्षानुवर्षे जाते, आणि पात्यांमागच्या दिशादर्शकाचा कोन नीट लावला की ती परत मिळते.

देखभालीच्या करारांत ‘९७ टक्के उपलब्धते’ची, म्हणजे वर्षाच्या ९७ टक्के तासांत यंत्र चालण्याच्या स्थितीत असण्याची, हमी असते. ऐकायला उत्तम. पण उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षाचे ११ दिवस. ते ११ दिवस मंद वाऱ्याच्या काळात आले तर नुकसान नगण्य. भर हंगामात, सलग पूर्ण क्षमतेच्या वाऱ्यात आले तर ३ मेगावॅटच्या एका पवनचक्कीची जवळपास ७.९ लाख युनिटे जातात, म्हणजे ९२ लाखांतले साडेआठ टक्के. हमी तासांवर न घेता युनिटांवर घ्यावी, हे या क्षेत्रात काम करणारे सगळे जाणतात. तरीही तासांवरचे करार अजून होतात.

‘वारा थांबला की अंधार’ हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण पवनऊर्जा एकटी ग्रिड चालवू शकत नाही. डेन्मार्कमध्ये वर्षाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते, ती नॉर्वे आणि स्वीडनच्या जलविद्युतशी असलेल्या भक्कम जोडण्यांच्या आधारावर. वाऱ्याचा पुढच्या काही तासांचा अंदाज, चटकन कमीजास्त करता येणारी इतर केंद्रे, साठवण आणि पारेषण वाहिन्या या सगळ्यांसह हिशेब मांडावा लागतो. वाहिनी तयार होण्याआधी पवनचक्क्या उभ्या राहिल्या की चांगल्या वाऱ्यात त्यांना उत्पादन कमी करायला सांगितले जाते. रस्त्यावरून जाणाऱ्याला मग त्या ‘उगाच बंद’ दिसतात.

ग्रिडबाबत सर्वांत शिकण्यासारखी घटना २८ सप्टेंबर २०१६ ची, दक्षिण ऑस्ट्रेलियातली. टॉर्नेडोंनी, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळांनी, उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे पाडले आणि दोन मिनिटांच्या आत विद्युतदाब सहा वेळा कोसळला. पवनचक्क्यांनी पहिले काही धक्के सोसले. पण ठरावीक वेळात ठरावीक संख्येपेक्षा जास्त धक्के आले तर उत्पादन कमी करायचे, अशी सेटिंग अनेक यंत्रांच्या नियंत्रकात होती आणि ग्रिड चालवणाऱ्यांना तिची माहिती नव्हती. सात सेकंदांहून कमी वेळात ४५६ मेगावॅट गेले, ती तूट शेजारच्या राज्याशी जोडणाऱ्या वाहिनीवर आली, ती वाहिनी सुटली आणि अख्खे राज्य अंधारात गेले. त्या वेळी वारा भरपूर होता. दोष सेटिंगमध्ये होता, आणि ती बदलल्यावर तीच यंत्रे जास्त धक्के सोसू लागली. पवनऊर्जेवर त्या वेळी जी टीका झाली तिच्यात हा मुद्दा फार थोड्यांनी मांडला. दाब कोसळला तरी ग्रिडला धरून राहण्याची चाचणी आणि नियंत्रकातल्या सेटिंगची पूर्ण यादी ग्रिडचालकाला देणे, हे प्रकल्प सुरू करण्याआधी सक्तीचे असावे.

शेजाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या असतात आणि त्यांवर उपायही आहेत. पात्यांच्या मागच्या कडेला दातेरी पट्टी लावली आणि रात्री वेग थोडा कमी ठेवला तर आवाज दोन-तीन डेसिबलने उतरतो. फिरत्या पात्यांची सावली घरावर पडून होणाऱ्या त्रासासाठी जर्मनीत वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटे अशी मर्यादा आहे. सूर्याची जागा आधीच ठाऊक असल्याने पवनचक्की तेवढी मिनिटे आपोआप थांबवता येते. वटवाघळे बहुधा मंद वाऱ्याच्या रात्री मरतात. पवनचक्की ३ ऐवजी ५ मीटर वेगाला सुरू केली तर हे मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी होतात आणि वर्षाच्या उत्पादनातला एखादा टक्काच जातो. नॉर्वेतल्या स्मूला बेटावर तीनपैकी एक पाते काळे रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू ७० टक्क्यांहून अधिक घटले. चार पवनचक्क्यांवरचा तो छोटा प्रयोग आहे, त्यामुळे आणखी ठिकाणी करून पाहायला हवा. रंगाने सगळे मात्र सुटत नाही. कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट खिंडीत सोनेरी गरुडांचा जो संहार झाला तो चुकीच्या जागेचा परिणाम होता. शिकारी पक्ष्यांच्या वाटेवर पवनचक्क्या उभ्याच करू नयेत, आणि तशी जागा ओळखायला वर्षभराचे पक्षीनिरीक्षण लागते. वाऱ्याच्या मोजणीबरोबर तेही करता येते, वेगळा वेळ लागत नाही.

एवढे सगळे सांभाळूनही हे करायचे कशासाठी? हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीच्या २०१४ च्या अहवालात, यंत्र बनवण्यापासून मोडीत काढण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरून, जमिनीवरच्या पवनऊर्जेचे कार्बन डायऑक्साइड-सममूल्य उत्सर्जन युनिटमागे मध्यक धरता ११ ग्रॅम आणि कोळशाचे ८२० ग्रॅम दिले आहे. पवनचक्की बनवायला आणि उभारायला लागलेली ऊर्जा ती साधारण वर्षभरात परत करते आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे चालते. २०२३ मध्ये जगातली एकूण पवनऊर्जा क्षमता १००० गिगावॅटच्या पुढे गेली, त्यातली नऊ-दशांशाहून अधिक जमिनीवरची आहे. इतका मोठा वाटा असलेल्या क्षेत्राची मोजदाद लोकांसमोर ढोबळ स्वरूपात येणे हिताचे नाही.

शेवटचा मुद्दा आयुष्य संपल्यानंतरचा. मनोऱ्याचे पोलाद आणि जनित्राचे तांबे भंगारात सहज जाते. पाती जात नाहीत. काचतंतू आणि त्यांना बांधून ठेवणारे इपॉक्सी रेझिन एकमेकांपासून सहज सुटत नाहीत. आज त्यांचे तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत इंधन आणि कच्चा माल म्हणून वापरणे हा चालणारा मार्ग आहे, आणि विरघळवता येणाऱ्या रेझिनची पाती आता बाजारात येत आहेत. पाया बहुतेक ठिकाणी जमिनीखाली मीटरभरच फोडतात, बाकीचा तिथेच राहतो. नांगराला तेवढे पुरते, विहीर किंवा फळबाग करायची असेल तर पुरत नाही. जमीनमालकाने भाडेपट्ट्यात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: पाया किती खोलीपर्यंत काढणार, क्रेनचा फलाट आणि रस्ता मोडून माती परत घालणार का, पाती कोण, किती महिन्यांत उचलणार, आणि या कामाची रक्कम बँक हमीच्या रूपात कितव्या वर्षापासून बाजूला ठेवली जाणार. कंपनी विकली गेली तर ही हमी नव्या मालकावर आपोआप लागू होईल, असे कलमही त्यातच हवे. विसाव्या वर्षी त्याच जागी मोठी यंत्रे बसवायची ठरली तर जुना पाया नव्या भाराला पुरत नाही आणि शेजारी दुसरा खणावा लागतो, म्हणून जुना काढण्याची अट त्या वेळीही कायम राहील, हे स्पष्ट लिहिलेले असावे.

आपला नम्र,
पवनऊर्जा क्षेत्रातील एक अभियंता